पोहण्याचा रकाना

नेदरलँड्समधल्या कापेल गावातल्या मराठी मंडळींपैकी कुणालाही फॉर्म भरायचा असला की तो नीळकंठ पाटणकरचं दार ठोठावायचा. परमिट असो नाहीतर नगरपालिकेचं पत्र, नीळकंठ चष्मा पुसत म्हणायचा, "रकाना रिकामा दिसला की साहेबाला प्रश्न सुचतात." आठ वर्षांत त्याचा एकही फॉर्म परत आला नव्हता, आणि त्याचा तोरा काही विचारू नका!

मुलीचं, ऋजुताचं, युट्रेख्टचं कॉलेज सुरू होण्याआधी चार दिवसांचं सेवाशिबिर होतं. कालवे साफ करायचे होते. तिचाही फॉर्म त्यानेच भरला. एका रकान्यात विचारलं होतं, पोहण्याचा डिप्लोमा आहे? इथली पोरं तो लहानपणीच मिळवतात. ऋजुता पुण्याहून आली तेव्हा दहा वर्षांची होती आणि पाण्याला जाम घाबरायची. नीळकंठने बिनदिक्कत 'हो'वर खूण केली. कोण बघतंय?

आज बॅग भरताना शिबिराचा ईमेल आला. तो मोठ्याने वाचू लागला. रबरी बूट, जुने कपडे, जादा टॉवेल. पुढची ओळ मात्र त्याने मनातच वाचली. डिप्लोमा नसलेले काठावर काम करतील, बाकीच्यांनी होडीतून जाऊन खोल पाण्यात उतरायचं.

एक फोन केला की झालं. पण सांगायचं काय, खोटं लिहिलं होतं म्हणून?

"बाबा, मला पोहता येत नाही हे लिहिलंयस ना?" बॅगेची चेन ओढत ऋजुताने विचारलं.

नीळकंठने मोबाइल उपडा ठेवला.

"माझा फॉर्म कधी चुकलाय का?"