दादाचा हात

माझा थोरला भाऊ कारखान्यात क्रेनला इशारे द्यायचा. मी वर केबिनमध्ये, दादा खाली जमिनीवर. वीस वर्षं त्याने सांगायचं आणि मी लिव्हर ओढायचा. वॉकीटॉकी आले तेव्हा साहेबांनी हातवारे बंद करायला सांगितले. दादा म्हणाला, "तोंड सुरू झालं की हात आपोआप उठतो, त्याला मी काय करू?" सगळे हसले. त्याचे हात चालूच राहिले.

मग त्याला मेंदूचा झटका आला. महिन्याभरात हातपाय ठणठणीत झाले, पण चमचा हवा असला की पेला मागायचा, आणि पेला दिला की आमच्यावरच खेकसायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यापुढे चित्रं मांडली. बोट अचूक पडायचं, नाव भलतंच निघायचं.

"काय म्हणायचंय ते डोक्यात एका जागी ठरतं, शब्द दुसऱ्या जागी निवडला जातो," त्या म्हणाल्या. "ती निवड बिघडलीय. जवळचा शब्द उचलला जातो, आणि त्यांना ते कळेलच असं नाही."

"वर आणि खाली?" मी विचारलं.

"तेसुद्धा."

तरी कामावर मी त्याला नुसता ताप होता असंच सांगितलं. घरी बसायच्या विचाराने दादा रडला होता, आणि मी पक्का भित्रा.

तो कामावर परतला त्या पहिल्याच दिवशी चार टनांचा गर्डर मी खाली सोडत होतो. वेल्डर पडलेली पक्कड उचलायला नेमका त्याच्याखाली वाकला. कानात दादा ओरडला, "खाली घे! खाली!" मी लिव्हर आणखी दाबला. वीस वर्षांची सवय! तेवढ्यात काचेतून त्याचा हात दिसला. बोट छताकडे, गरगर फिरत होतं. मी गर्डर वर खेचला. वेल्डर शिव्या घालत बाहेर आला.

मी शिडी उतरून खाली आलो.

"दादा, तू खाली म्हणालास."

"वेडा आहेस का? वरच म्हणालो!"

त्याने वेल्डरकडे पाहिलं. त्याच्याही कमरेला वॉकीटॉकी होता.

"खालीच म्हणालात, दादा," तो हळूच म्हणाला.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो बोलायला गेला आणि घाबरून तोंड मिटून घेतलं. स्वतःच्या तोंडाला घाबरलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. त्याने वॉकीटॉकी माझ्या हातात ठेवला, दोन पावलं मागे सरकला आणि हात आडवा ताणला, तळवा जमिनीकडे. क्रेनवाल्यांत याचा अर्थ एकच, थांबव.

केबिन रिकामी होती. इशारा मलाच होता. मी साहेबांच्या खोलीकडे निघालो.