मालोजीची रिकामी फेरी

मालोजीच्या मोटारसायकलीला आमच्या गावात कुणी मोटारसायकल म्हणत नसे. तिच्या बाजूला एक लोखंडी खोका जोडलेला होता, त्यात एक माणूस पाय पसरून बसे, म्हणून लहानथोर सगळे तिला डोली म्हणत. लढाई संपली आणि देहूरोडच्या डेपोत लष्कराचं भंगार लिलावात निघालं, तेव्हा मालोजीनं ती आणली. लढाईच्या काळात तो खडकीला लष्कराच्या मोटारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली होता. तिथंच त्याला इंजिनाचा नाद लागला. कुणाला तमाशाचा लागतो, कुणाला बैलगाड्याच्या शर्यतीचा, याला इंजिनाचा. औत सोडलं की हा गोठ्यात. चालू इंजिनाला लांब पान्ह्याचं एक टोक टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा आणि डोळे मिटून आतला आवाज ऐकत बसायचा. मी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत. त्याच्या इंजिनाच्या धुराचा वास आमच्या भाकरीला लागलेला आहे, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे.

नाद एकट्याचा राहिला असता तर प्रश्न नव्हता. पण चाकण लांब, आळंदी लांब, आणि गावात पेट्रोलवर चालणारी वस्तू एकच. बाई अडली, बोलवा मालोजीला. साप चावला, बोलवा मालोजीला. नवरदेव मिरवायचा, पाहुणा फाट्यावर सोडायचा, तरी मालोजीच. एकदा कोंडीरामाची आजारी कालवड चौघांनी उचलून डोलीत बसवली आणि मालोजी तिला चाकणला गुरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. येणारा प्रत्येक जण रीत म्हणून नारळ आणायचा. नारळ सगळ्यांनी आणले, पेट्रोल एकानंही आणलं नाही. एका लग्नात तर नवरदेवाच्या मामानं नारळ थेट इंजिनावरच फोडला. पाणी मॅग्नेटोत शिरलं, ठिणगी पडेना, वरात पांदीत उभी. मालोजी मॅग्नेटो काढून एका वस्तीवरच्या चुलीपाशी वाळवत बसला आणि तोवर मुहूर्त टळला. शिव्या मामाला नाही, मालोजीला बसल्या. मीही दिल्या. उपाशी वऱ्हाडी आणखी काय करणार?

नाही म्हणणं त्याला जमत नसे. सुरुवातीला तो हसत निघायचा. पुढं पुढं किक मारण्याआधी नुसता हँडलवर हात ठेवून उभा राहू लागला, चढणीवर दमलेला बैल उभा राहतो तसा. निघायचा मात्र.

ठकुबाई त्याची बायको. तिचं माहेर इंदुरीचं, आमच्याच इंद्रायणीच्या काठानं वर वर गेलं की लागणारं. गाव डोलीत बसलं, कालवड बसली, पण ठकुबाई कधी बसली नाही. एका भाऊबीजेला ती नवं लुगडं नेसून, बोचकं घेऊन निघाली होती. एक पाय डोलीत टाकला आणि मारुतराव धावत आला. त्याच्या म्हाताऱ्याला धाप लागली होती. ठकुबाईनं पाय बाहेर काढला. बोचकंही काढलं आणि बसायची जागा पदरानं पुसून घेतली. मारुतरावाचा म्हातारा पुढं दहा वर्षं जगला. ठकुबाईचा भाऊ त्या दिवाळीला पाट मांडून बसला होता, असं नंतर कळलं.

त्यानंतर कधीतरी मालोजीनं डेपोतून एक नाव आणली. लष्कराची, सपाट बुडाची, लाकडी. गोठ्यामागं ती उपडी पडून असे आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत. डोलीचं इंजिन काढून नावेत बसवायचं, साखळीनं एक दांडा फिरवायचा, दांड्याच्या टोकाला पत्र्याचा पंखा, आणि ठकुबाईला पाण्यातून इंदुरीला न्यायचं, असा त्याचा बेत. मी म्हटलं, डोलीतून का नेत नाहीस? इतकं करायचं कशाला? तो पान्हा पुसत होता.

"रस्त्यावर कुनीबी हात करतं, बबनराव," तो म्हणाला. "नदीत कोन आडवं येतंय?"

हे त्यानं हसत सांगितलं नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि त्याचा आवाज इतका थकलेला होता की मी उठून घरी आलो. नाहीतर मी गप्प बसणारा माणूस नव्हे.

इंजिन निघायला काही वर्षं गेली. दोन बोल्ट सैल केले की दारात कुणीतरी नारळ घेऊन उभं. शेवटी एका भाद्रपदात त्यानं कुणाला न विचारता ते उतरवलंच. गाव रुसलं. सार्वजनिक विहीर बुजवल्यासारखं लोक बोलू लागले. मालोजीनं ऐकून घेतलं आणि नावेला डांबर लावत राहिला.

दसऱ्याला नाव पाण्यात उतरवली. त्या दिवशी घरोघर हत्यारांची, अवजारांची पूजा असते, म्हणून इंजिनालाही झेंडूची माळ पडली. नारळ मी फोडला, पण मालोजीनं मला चार हात लांब दगडाशी नेलं आणि वर मॅग्नेटोवर टॉवेल गुंडाळला. ठकुबाई हिरवं लुगडं नेसून नावेत बसली. मांडीवर माहेरी न्यायच्या गोड कडाकण्यांचं बोचकं. तिसऱ्या किकला इंजिन लागलं आणि तिनं दोन्ही हातांनी नावेची कड धरली. तिला हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोंडीराम आला. त्याची लेक शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती कालपासून अडली होती आणि आता सुईणीनं हात टेकले होते. डोलीला इंजिन नव्हतं, बैलगाडीचे धक्के तिला सोसले नसते. खाली आळंदीला दवाखाना होता. कोंडीराम गुडघाभर पाण्यात येऊन हात जोडून उभा राहिला.

मालोजीनं बायकोकडं पाहिलं. ठकुबाईनं बोचकं बाजूला सारलं आणि शालनला निजवायला जागा केली. ती स्वतः उतरली नाही, कारण पोरीचं डोकं धरायला बाई हवी होती. नाव वरच्या अंगाला जायची ती खाली गेली.

दुपार कलली तेव्हा आवाज आला. आम्ही काठावर होतोच. नाव रिकामी परतत होती. आत दोघंच, कोंडीराम लेकीपाशी राहिला होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे मालोजीनं लांबूनच ओरडून सांगितलं. बरं वाटलं. मग प्रत्येकाला आपापलं काम आठवलं. यशोदाबाईला पलीकडून तोडलेली लाकडं आणायची होती. मारुतरावाला आळंदीला निरोप धाडायचा होता. माझ्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बंद पडलं होतं, कांद्याचं रोप माना टाकत होतं, आणि ते इंजिन दुरुस्त करणारा मालोजीखेरीज कुणी नव्हता. माझं काम सगळ्यांत निकडीचं होतं, हे आजही कुणीही मान्य करील. आम्ही सगळ्यांनी हात केले.

मालोजीनं इंजिन हळू केलं. त्याची मान खाली गेली आणि नावेचं तोंड आपसूक काठाकडं वळलं. सवयच ती. इंजिन मंद होतं म्हणून ठकुबाईचं बोलणं आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

"थांबू नगा," ती म्हणाली.

मालोजीनं मान वर केली. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"वर घ्या नाव. येऊ द्यात त्यांचं हात दुखून."

आणि त्यानं घेतली. नाव आमच्या समोरून गेली, लाट आमच्या पायांवर आली. मारुतराव काहीबाही बोलला. मला भयंकर राग आला, आणि रागाखाली हेवाही होता. मी गवराबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, कधी कुठं असं नेलं नव्हतं.

आळंदीच्या फेरीनं पेट्रोल आधीच खाल्लं होतं. इंदुरी कुठली गाठणार! वळणापलीकडं इंजिनाचा आवाज बंद झाला. तिथं कुणाचं माहेर नाही, सासर नाही, नुसत्या बाभळी आहेत. दोघं तिथंच बसून राहिली असणार, कारण दिवस मावळताना नाव प्रवाहाबरोबर आवाज न करता खाली आली. बोचकं रिकामं होतं. कडाकण्या त्यांनी दोघांनीच खाल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी इंजिन परत डोलीत गेलं. नाव पुन्हा उपडी झाली, कोंबड्या आपल्या जागेवर आल्या. माझं रोप निम्मं वाचलं. पुढं पिंपरीला औषधांचा कारखाना निघाला आणि मालोजी तिथं शिफ्टला जाऊ लागला. डोली तो पेट्रोल राखायला घरीच ठेवी, न जाणो शिफ्टवरून आल्यावर कुणाला लागली तर. ठकुबाई मग एकदा इंदुरीला गेली ती एसटीनं, भाऊ गेल्यावर.

पण त्या दसऱ्याच्या संध्याकाळी ती नावेतून उतरली तेव्हा आमची गवराबाई सोनं द्यायला काठावर गेली होती. तिनं आपट्याचं पान हातात देत विचारलं, कुठं गेला होता गं एवढा वेळ?

"कुठंच न्हाई," ठकुबाई म्हणाली. "लई बरं वाटलं."