झुंबरबाईंचा एकुलता फोटो

पुंजाराम विधात्यांच्या घरी कपाटभर कॅमेरे होते आणि फोटो एकच. नव्या पाहुण्याला हे सांगितलं की तो आधी हसे, मग आपली फिरकी तर घेत नाहीत ना, म्हणून त्यांच्या बायकोकडे, झुंबरबाईंकडे बघे. शेवंती ओवता ओवता त्या म्हणत, "खरंच सांगत्यात ते. नाद हाय एकेकाला."

मखमलाबादेत पुंजारामांना सगळे तात्या म्हणत. तात्यांना साधा कॅमेरा चालत नसे. बटण दाबलं की घर्रर्र करून तिथल्या तिथे फोटो बाहेर टाकणारा, तसलाच लागे. पहिला त्यांना एक्क्याण्णव साली देवळाली कॅम्पातल्या भंगारवाल्याकडे सापडला. कुठल्यातरी जुन्या बंगल्यातलं सामान निघालं होतं आणि मोडक्या आरामखुर्चीखाली हा चपटा, कातडी लावलेला डबा पडला होता. वरची पट्टी ओढली की डबा उभा राही आणि त्याचा कॅमेरा होई. तात्यांनी तिथेच उकिडवं बसून तो इतक्या वेळा उघडला आणि मिटला, की शेवटी भंगारवालाच वैतागला. पुढे बुधवारच्या बाजारात भाजीला गेलेले तात्या पिशवीत भाजीऐवजी कॅमेरा घेऊन यायला लागले, आणि घरात रात्री पिठलं व्हायला लागलं.

या नादाचं मूळ नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होतं. तात्या तिथे टपालाच्या तिकिटांचे ताव तपासत. एकसारखे हजारो ताव डोळ्यांखालून जायचे. त्यात एखाद्या तिकिटाचा रंग सरकलेला, एखाद्याची भोकं चुकलेली, ते हुडकून बाजूला काढायचं. वेगळं दिसलं की बाद, हीच नोकरी. संध्याकाळी गेटावर झडती देऊन बाहेर पडेपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं. अशा माणसाला असा फोटो हाती लागला, ज्याची निगेटिव्ह नाही, ज्याची दुसरी प्रत जगात नाही. कागदावर आधी नुसता धुरकट हिरवा रंग, मग हळूहळू त्यातून कुणाचं तरी नाक, कुणाचे तरी दात वर येतात. ते बघताना तात्यांचे डोळे दुखायचे थांबत.

फिल्म मिळवणं मात्र जिकिरीचं असे. मुंबईचा एक ओळखीचा दुकानदार मुदत संपलेली पाकिटं ठेवून देई. ती फ्रिजमध्ये ठेवावी लागत आणि फ्रिजमध्ये झुंबरबाईंचे मोगऱ्याचे गजरे असत. त्या दिराच्या मळ्यातली फुलं बाजारात विकत. "फुलं विकून फ्रिज मी घेतला, आन् जागा तुमच्या डब्यांना," असं त्या म्हणत, पण पाकिटं कधी बाहेर काढली नाहीत.

कपाटात फोटो का नव्हते, तेही ओघानेच आलं. ज्याचा फोटो काढावा, तोच तो घेऊन जाई. एकच प्रत, आणि ती ज्याची त्याची. नाही कसं म्हणणार? तात्यांनी साऱ्या गल्लीचे फोटो काढले आणि सारे वाटून टाकले.

राहिल्या होत्या झुंबरबाई. जन्मात त्यांनी कुणाला फोटो काढू दिला नव्हता, लग्नातसुद्धा डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसल्या होत्या. फोटोवाला फोटो देतो, पण निगेटिव्ह त्याच्याच पेटीत राहते. आपलं तोंड परक्याच्या पेटीत कशाला, हा त्यांचा हिशेब. एका थंडीत, सकाळच्या उन्हात त्या पायरीवर शेवंती ओवत बसल्या असताना तात्या म्हणाले, "ह्यात निगेटिव्ह नसतीच. मागं काय ऱ्हात नाय."

"काहीच नाय?"

"काहीच नाय."

त्यांनी पदर मागे सारला. फोटो बाहेर आल्यावर त्यांना आधी कॅमेऱ्याचं पोट बघायचं होतं. पाकिटातला तो शेवटचाच फोटो होता, उजेडाने खराब व्हायला आत दुसरा नव्हता, म्हणून तात्यांनी कॅमेरा उघडून दाखवला. आत काही नव्हतं. गारठ्यात फोटो नीट उमटत नाही असं तात्या म्हणाले, तेव्हा त्यांनी तो स्वेटरच्या आत काखेत धरला. मग बाहेर काढून बघितला आणि लाजून हसल्या. "बास. येकदा दिला, पुन्यांदा मागू नका."

तो फोटो तात्यांनी बिस्किटाच्या डब्यात ठेवला. ड्युटीवरून आले की पाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि डबा उघडायचा. झुंबरबाई शेजारी बसून बाजारातलं काहीबाही सांगत असत. तात्या फोटो बघत "हं" म्हणत.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात त्यांच्या लेकीचं, निकिताचं लग्न झालं. पिंपळगाव बसवंतला दिलं. जावई रविराजचं मार्केट यार्डासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. पाठवणीच्या वेळी पोरगी रडायची थांबेना. "आई, तुझा येक फोटोसुद्धा नाय माझ्याकडं," म्हणाली, तशा झुंबरबाई आत गेल्या आणि बिस्किटाचा डबा रिकामा करून आल्या. तात्यांना ते दुसऱ्या दिवशी डबा उघडल्यावर कळलं. दिवाळीला आली की मागून घेऊ, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. त्याच वर्षी या कॅमेऱ्यांच्या कंपनीने फिल्म बनवणं बंद केल्याची बातमी आली होती. फ्रिजमध्ये एक पाकीट उरलं होतं, तेवढ्यावर त्यांची भिस्त होती.

दिवाळीला निकिता आली ती खाली मान घालून. चहासुद्धा न घेता तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून तात्यांच्या हातात दिलं. चकचकीत प्लास्टिकच्या आत तपकिरी, काळपट डाग होता. कडेने चिकट काहीतरी बाहेर येऊन वाळलं होतं.

"मामा, चूक माझी हाय," रविराज म्हणाला. "खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन केलं. मशीन तापलेलं. फोटोच्या आत पातळ मसाला असतो, ते मला ठावं नव्हतं."

कुणाला बोलणार? मार्कशीट, रेशनकार्ड, देवाचा फोटो, जे जपायचं ते माणसं लॅमिनेट करतात. पोरानेही जपायलाच केलं होतं. तात्यांनी मान हलवली, उठून फ्रिजमधलं पाकीट आणलं आणि घडीच्या कॅमेऱ्यात घातलं. बटण दाबलं. आवाज झाला नाही. या फिल्मची बॅटरी पाकिटातच असते, ती कधीची मरून गेली होती. दुसरा कॅमेरा घेतला, तिसरा घेतला. रविराजने घाईने मोबाइल काढून झुंबरबाईंसमोर धरला, तर त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला. "नको बाबा. त्यात ऱ्हाईल मी."

तात्या कॅमेरे मांडीवर घेऊन बसून राहिले. सगळा शीण एकदम अंगावर आला, प्रेसमधला, बाजार पालथे घातल्याचा, सगळाच. झुंबरबाईंनी पोरीला आणि जावयाला हातपाय धुवायला पाठवलं. मग तात्यांच्या मांडीवरचे कॅमेरे एकेक करून खाली ठेवले आणि समोर बसल्या.

"अहो, मी मेले का?"

"काय बोलती?"

"मग? दहा-अकरा वर्सं त्या डब्यात बघत बसलात. मी हितंच बसलेली असायचे. आता डबा गेला. बघा की माझ्याकडं."

त्यांनी स्वतःच पदर मागे सारला. तात्यांनी चष्मा पुसून बघितलं. जन्मभर ताव बघितले, तसं सावकाश, वरून खाली. गालाची हाडं वर आली होती. एका डोळ्यात मोतीबिंदूचा ढग धरला होता. उजव्या भुवईत एक पांढरा केस होता. फोटोत तो नव्हता.

"हा कधी आला?" तात्यांनी बोट लावून विचारलं.

"झाली की पाच-सहा वर्सं," झुंबरबाई म्हणाल्या.