फर्स्ट शिफ्टची भुतं

बाळांनो, गेल्या महिन्यात तुम्ही तिकडे परदेशातल्या एका ओसाड खाणगावात कंदील घेऊन भुतं बघायला गेलात आणि फोनवर मला विचारलंत, "आजी, तुमच्याकडे असं काही असतं का?" मी "असतं" एवढंच म्हणाले आणि तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली. अर्धवट उत्तर देऊन गप्प बसायची मला सवय नाही. शिवाय आता लिहून ठेवलं नाही, तर पुढे मला हे सगळं क्रमानं सांगता येईल याची खात्री नाही. म्हणून बसले आहे.

भुतांना वेळेची शिस्त लावणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आपल्या नात्यातला होता. तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणे. गारगोटीच्या पलीकडे डोंगरपठारावर पूर्वी बॉक्साइटची खाण होती, तिथे ते टाइमकीपर होते. सकाळी आठला हातानं फिरवायचा भोंगा वाजवायचा, कामगारांची नावं पुकारायची आणि मस्टरमध्ये हजेरी मांडायची, हे त्यांचं काम. खाण बंद पडली, क्वार्टर्स रिकाम्या झाल्या, माणसं जिल्हाभर पांगली; पण भाऊजींच्या अंगातला टाइमकीपर काही रिटायर झाला नाही. रविवारी सव्वाचारला चहाला येतो म्हणाले, की चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या फाटकाशी दिसत. आत बोलावलं तरी येत नसत. "अजून पाच मिन्टं हायत की वैनी," म्हणून मनगटाकडे बघत उन्हात उभे. तुमच्या आईच्या लग्नात भटजींनी मंगलाष्टकं लांबवली, तेव्हा हे "मुहूर्ताला लेट मार्क" असं एवढ्या मोठ्यानं म्हणाले, की व्याही मंडळी हातात अक्षता धरून माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक कागद आणून दिला. कोण किती वाजता आलं, कोण न जेवता गेलं, सगळं त्यात होतं. आभाराची पत्रं लिहिताना मला तो फार उपयोगी पडला.

खाणीतल्या प्रत्येक माणसाला ते दर दसऱ्याला एक कार्ड पाठवत. मी खाणीतली नव्हे, तरी माझं कार्ड दसऱ्याच्या सकाळी आठला स्वतः आणून देत. मजकूर एकच, "हजर आहात का, कळवावे." उत्तर आलं की मस्टरमध्ये बरोबरची खूण. खाणीत नियम होता, तीन दिवस न कळवता गैरहजर राहिला तर नाव कमी. भाऊजींनी तोच नियम पुढे चालवला. फक्त दिवसांच्या जागी दसरे आले. सलग तीन दसरे उत्तर नाही, म्हणजे माणूस देवाघरी. त्यांनी एवढं सरळ गणित मांडलं, आणि एवढा साधा घोटाळा आम्हां शहाण्या माणसांपैकी कुणाच्याही लक्षात आला नाही.

अशी एकोणीस माणसं कमी झाली, तेव्हा भाऊजी फार बेचैन झाले. "नाव कमी केलं म्हंजे माणूस नव्हताच असं हुतंय वैनी," ते मला म्हणाले. "ही नावं कुणीतरी ऐकाय पायजेत." आधी त्यांनी मस्टरचं जाहीर वाचन ठेवलं. मी आणि तुमचे आजोबा, असे दोघेच गेलो. मग त्यांनी 'खाणीतली भुतं दाखवू' अशी पाटी रंगवून रस्त्यावर लावली आणि पुढच्या रविवारपासून पन्हाळा बघून कंटाळलेले पावणे जीपा भरभरून यायला लागले. "भूत म्हटलं की गर्दी," भाऊजी म्हणाले. "जित्त्या माणसाची हजेरी ऐकाय कोण येतंय?"

ही सहल भर दुपारी बाराला असे. खरं कारण असं की भाऊजींना अंधाराची भयंकर भीती होती. वीज गेली की ते आमच्या घरी फोन करून वीज येईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहत. पण पावण्यांना कारण वेगळं मिळे. "फर्स्ट शिफ्टची भुतं हायत ही. ड्युटी आठ ते चार. रात्री कशाला येत्यात? बाराला जेवणाची सुट्टी, तवाच भेटत्यात." एकानं विचारलं, रविवारी तर सुट्टी असते ना? भाऊजींनी त्याच्याकडे दयेनं बघितलं आणि "ओव्हरटाइम" म्हणाले.

मी एका रविवारी छत्री आणि थर्मास घेऊन गेले होते. लाल मातीचं पठार, बिनछपराच्या क्वार्टर्सची रांग, मोडकं कँटीन. भाऊजी इस्त्रीच्या खाकी शर्टात पुढे, मागे वीस-पंचवीस पावणे. हे ड्रिलवाल्या अण्णांचं भूत, ह्याला गूळ लागतो. हे सुरुंगवाल्या मास्तरांचं भूत, सगळ्यांचं ऐकून घेतं, उत्तर देत नाही. कँटीनच्या पायरीवर त्यांनी भुतांसाठी एक कप चहा ठेवला. आम्ही वर्कशॉप बघून परत आलो तर कप रिकामा. बायका एकमेकींना बिलगल्या. थोडं पलीकडे एक कुत्रं तोंड चाटत बसलं होतं, पण ते मी कुणाला दाखवलं नाही.

मग भाऊजींनी भोंगा फिरवला आणि मस्टर उघडून नावं पुकारायला सुरुवात केली. प्रत्येक नावानंतर ते थांबत. नुसता वारा ऐकू येई. तिथे मात्र कुणी हसत नसे. सातवं नाव आलं, "डंपरवाले बाबूभाई." पाठीमागून एक म्हातारा आवाज आला, "हजर."

एका पावण्याच्या हातातला वडा खाली पडला. गर्दी बाजूला झाली, तर मागे पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ नातीच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. ती कॉलेजातली मुलगी आदल्या रविवारी मैत्रिणींबरोबर येऊन स्वतःच्या आजोबांच्या भुताची हकिकत ऐकून गेली होती, आणि आता भुतालाच घेऊन आली होती.

"काय ओ टायमकीपर, मला कवा मारलासा?" बाबूभाई म्हणाले. "घरच्यास्नी तरी कळवायचं की."

भाऊजींनी मस्टरवर बोट ठेवलं. "तीन दसरं तुमचं उत्तर न्हाई."

"पत्ता बदलला न्हवं माझा. लेकीकडं असतोय, पेठ वडगावात."

"मग तसा अर्ज द्यायचा हुता."

"बरं, चुकलं. पर माझं भूत बिडी वडतंय म्हणून सांगतासा ते काढा. मी बिडी कवाच सोडली."

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. ते कँटीनच्या पायरीवर बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "वैनी, ह्यो जित्ता हाय."

"दिसतंय मला."

"मग बाकीची अठरा?"

त्याच दिवशी पाटी उतरली. दोघे म्हातारे एसटीनं भुतं शोधत हिंडायला लागले. नात मोबाइलवरून पत्ते काढून द्यायची. सुरुंगवाले मास्तर पन्हाळ्याच्या वाटेवर मुलाच्या कणसाच्या गाड्यावर सापडले. एक जण गारगोटीच्या बाजारात बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा विकत होता. ड्रिलवाल्या अण्णांच्या घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. त्यांनी सगळी कार्डं डब्यात घालून देवाजवळ ठेवली होती. "टायमकीपरचं हाय, एवढं कळत हुतं," ते म्हणाले. भाऊजींनी ते सांगताना चष्मा तीनदा पुसला. एकोणीस भुतांतली पाच जिवंत निघाली. बाकीच्या चौदांच्या घरी जाऊन, कुणाला काय आवडायचं, कोण कसं हसायचं, ते त्यांनी लिहून आणलं आणि पाटी परत लागली. आता पाचही भुतं जातीनं सहलीला येत आणि भाऊजींच्या प्रत्येक हकिकतीला "तसं न्हवतं ते" म्हणून मोडता घालत. गर्दी दुप्पट झाली.

गेल्या दसऱ्याला माझं कार्ड आलं नाही. तीन वर्षं थांबण्याचा नियम माझा नव्हे. मी त्याच दिवशी फोन केला. भाऊजी पहाटे झोपेतच गेले होते. आठच्या आधी.

पुढच्या रविवारी मी पठारावर गेले. बाबूभाईंच्या नातीनं भोंगा फिरवला, मस्टर उघडलं आणि अडली. हजेरी घेणाऱ्याचं नाव मस्टरमध्ये नसतंच. तिनं ते शेवटच्या ओळीत स्वतः लिहिलं, पुकारलं आणि सगळ्यांकडे बघत राहिली.

"रजेवर हाय म्हणून लिव्ह," बाबूभाई म्हणाले. तिनं तसं लिहिलं.

क्वार्टर्सच्या भिंती आता कमरेएवढ्या उरल्या आहेत. पाटीचा रंग उडाला आहे. भोंगा वाजतो. मस्टर त्या मुलीकडे आहे, आणि दर रविवारी बाराला त्या पाचांतले चार जण अजून "हजर" म्हणतात.