खून कापलेला सिनेमा

चार माणसं चहाला बसली की आमच्या सिनेमाचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा, तर मागून दुसरा हजर! हसताना बरं वाटतं. घरी जाताना मात्र जीव कसनुसा होतो.

२०१६ची गोष्ट. सावे सर डहाणूत शाळेत शिकवायचे. जवळच्या झाई गावचा शंकर त्यांचा बालमित्र. खाडीतली रेती चोरणाऱ्यांविरुद्ध अर्ज करत फिरायचा. एका सकाळी खाडीतच मेलेला सापडला. पोलिसांनी कागदावर लिहिलं, 'बुडून मृत्यू'. सरांनी त्यावर थरारक कादंबरी लिहिली. तिच्यात खून होता आणि खुनामागे मंत्री. काही वर्षांनी सिनेमावाल्यांनी ती घेतली तेव्हा सर एवढंच म्हणाले, "बाकी काय ते बदला, खून खूनच राहू दे." माझा फोटो स्टुडिओ, म्हणून लोकेशन दाखवायला मी.

*

पहिल्याच मीटिंगला कथेतून मंत्री गेला! निर्माता म्हणाला, "निवडणूक तोंडावर आहे सर, मंत्र्याचा बिल्डर करू." आठवड्यात बिल्डरही गेला. सिनेमाला फायनान्स करणाराच बिल्डर निघाला!

*

मोर्चाचा सीन झाईला होता. भगवा झेंडा नको, हिरवा नको, निळा नको. तलासरीच्या बायकांनी लाल बावट्याच्या मोर्चांच्या सवयीने लाल आणलेले, तेही काढून घेतले. पांढरा म्हणे शरणागती वाटते. मग नुसत्या काठ्या उरल्या. "दंगल वाटतेय!" म्हणून काठ्याही गेल्या. दोनशे माणसं रिकाम्या हातांनी रस्त्यात उभी. सायवनची एक म्हातारी मला म्हणाली, "बाबा, यष्टी कदी येल?"

*

घोषणांना फक्त ओठ हलवायचे होते, आवाज नंतर भरणार होते. पण झाईची माणसं मागे शंकरसाठी खरोखरच मोर्चाला गेलेली. कॅमेरा सुरू झाला आणि सगळे ओरडले, "शंकरला न्याय द्या!" डायरेक्टर खूश. "काय ॲक्टिंग आहे!"

डबिंगमध्ये तिथे "पाणी द्या!" आलं.

*

शेवटासाठी भांडायला सर मुंबईला गेले. परत आले ते थेट माझ्या स्टुडिओत. मी खोदून विचारलं.

"त्यांचा वकील म्हणाला, खुनाचा पुरावा आहे का? म्हटलं, असता तर कादंबरी कशाला लिहिली असती!"

शेवटाचं बघू, एवढंच सांगून त्यांनी सरांना परत पाठवलं होतं.

*

सिनेमा डहाणूत लागला. शंकरची बायको हिरावहिनी. "दर्यावर वाढलेला मानूस खाडीत कसा बुडंल?" हे ती वर्षानुवर्षं विचारत आलेली. सरांनी तिला मुद्दाम आणून शेजारी बसवलं. मी मागच्या रांगेत होतो.

शेवटी वादळ आलं, होडी उलटली, नायक बुडाला. मारणारा कोणी नव्हताच. दिवे लागले तरी सरांची मान वर होईना.

वहिनीने त्यांचा हात धरला. "बरं केलंत सर, दाखवलंत ते. मी उगाच इतकी वरसं लोकांवर वहीम घेतला. बुडूनच गेले ना ते?"

सरांनी एकदा रिकाम्या पडद्याकडे बघितलं.

"हो वहिनी," ते म्हणाले. "बुडूनच."