पाय घरून धुऊन यावेत

मुकादमांना देवाने दोन देणग्या दिल्या होत्या, एक खडा आवाज आणि दुसरी शिट्टी. शिट्टी खरं तर त्यांनी बाजारातून विकत घेतली होती, पण ती गळ्यात अशा भक्तिभावाने लटकलेली असायची की आकाशातूनच पडली असावी. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले धुणाऱ्या मोठ्या लाँड्रीत ते मुकादम होते. एक शिट्टी म्हणजे मशीन भरा. दोन म्हणजे गप्पा बंद. लांबलचक एक म्हणजे मुकादम तापलेत, आता ज्याने त्याने आपापलं बघावं. सुरुवातीला घरीही शिट्टी वाजायची. मग एके दिवशी बायकोने ती पिठाच्या डब्यात टाकली आणि सांगितलं, "अहो, चहा हवा असेल तर तोंडाने मागा." तेव्हापासून घरचा कारभार तोंडी चालतो.

रविवारी मुकादम चर्चमध्ये शिट्टीशिवाय यायचे, पण तिची उणीव कुणाला भासू द्यायचे नाहीत. उपासनेला उशिरा येणाऱ्याकडे ते असं बघायचे की पुढच्या रविवारी तो बिचारा घरीच प्रार्थना उरकायचा. चपला कुठे काढायच्या, कुठल्या बाकावर बसायचं, 'आमेन' किती जोरात म्हणायचं, सगळ्यावर त्यांची नजर. पाळकसाहेब स्वभावाने गरीब. ते प्रवचन लांबवायला लागले की मुकादम घड्याळाकडे बघून खाकरायचे, आणि पाळकसाहेब घाईघाईने सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळे व्हायचे.

अशा या चर्चच्या मंडळीचं अध्यक्षपद रिकामं झालं. मुकादमांना त्याचा मुळीच मोह नव्हता, असं ते भेटेल त्याला थांबवून सांगत होते. इच्छुक दोघे-तिघे होते, पण "तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" असं मुकादमांनी प्रत्येकाला घरी जाऊन इतक्या मायेने समजावलं की शेवटी त्रास घ्यायला ते एकटेच उरले. आता फक्त बिशपसाहेबांचं शिक्कामोर्तब व्हायचं होतं. बिशपसाहेब येणार होते गुरुवारी, प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करतात त्या उपासनेला.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. अध्यक्ष होणाऱ्याने त्या संध्याकाळी मंडळीतल्या बाराजणांचे पाय धुवायचे. प्रभूने नाही का, जेवणावरून उठून कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले? खुर्चीवर बसण्याआधी माणसाने एकदा जमिनीवर बसून बघावं, असं रीत घालणाऱ्यांच्या मनात असावं. बिचारे भाबडे होते. मुकादम त्यांना भेटायचे राहिले होते.

मुकादमांनी रीत हाती घेतली आणि तिला शिस्त लावली. बाराजण त्यांनी स्वतः निवडले. त्यात ठेकेदार होते, शाळेचे मुख्याध्यापक होते, डॉक्टर होते, डॉक्टरांचे सासरे होते. सगळे पाय प्रतिष्ठित. शिवाय प्रत्येकाला निरोप गेला, "पाय घरून स्वच्छ धुऊन यावेत."

बायकोने हे ऐकलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"मग तिथे काय धुणार? वहाणा?"

"अगं, बिशपसाहेब समोर असणार. फोटो निघणार. कुणाच्या टाचेला चिखल दिसला तर मंडळीची शोभा होईल."

"प्रभूने शिष्यांना आधी घरी पाठवलं होतं का हो, पाय धुवायला?"

मुकादमांनी सवयीने गळ्यापाशी हात नेला. तिथे शिट्टी नव्हती.

त्याच आठवड्यात लाँड्रीत एक किरकोळ प्रकार घडला. किरकोळ म्हणजे मुकादमांच्या मते. मळक्या चादरी निवडायच्या टेबलाशी एक मावशी काम करायच्या. त्याही याच मंडळीतल्या, शेवटच्या बाकावरच्या. त्या टेबलाखालची फरशी कधी म्हणून कोरडी नसते. मशीनचं सोड्याचं पाणी तिथूनच वाहतं, गमबुटात शिरतं आणि कामाची पाळी संपेपर्यंत आतच राहतं. मावशींचे पाय सडायला आले होते. त्या मुकादमांना म्हणाल्या, "साहेब, उभं राहायला खाली लाकडाची एक फळी टाकून द्या ना. पाय फार दुखतात हो. रात्री चादरसुद्धा सोसत नाही. असंच राहिलं तर काम सोडावं लागेल."

"आजवर कुणी मागितली?"

"मी मागतेय ना."

"तेच म्हणतो. एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागेल."

मावशी आणखी काही बोलणार होत्या, पण दोन शिट्ट्या वाजल्या. दोन म्हणजे गप्पा बंद.

गुरुवारी चर्च खच्चून भरलं. समोर बारा खुर्च्या, खुर्च्यांपुढे नवी कोरी परात, तांब्या, आणि लाँड्रीतून खास कडक इस्त्री करून आणलेले रुमाल. बिशपसाहेब म्हातारे, थोडे वाकलेले, डोळे मात्र तल्लख. फोटोवाला पुढेच बसला होता. सगळं मुकादमांच्या मनासारखं होतं. फक्त बारावी खुर्ची रिकामी होती. डॉक्टरांना ऐनवेळी पेशंटकडे जावं लागलं होतं.

मुकादम सासऱ्यांचेच पाय दोनदा धुवावेत की काय, या विचारात होते. तेवढ्यात बिशपसाहेबांनी मागे बोट दाखवलं. "त्या दाराजवळ बसल्यात ना, त्या बाईंना बोलवा."

मावशी पाळी संपवून तशाच आल्या होत्या. त्या एकदम उभ्या राहिल्या. "नको, नको! माझे पाय चांगले नाहीत."

"त्यांची इच्छा नसेल तर आग्रह कशाला," मुकादम चटकन म्हणाले.

"त्या रात्री एक शिष्यही नको म्हणाला होता, तरी प्रभूने त्याचे पाय धुतलेच," बिशपसाहेब म्हणाले. "या, बाई."

मावशी येऊन बसल्या. अकरा खुर्च्यांवर साबणाचा आणि अत्तराचा घमघमाट होता.

पहिल्या अकराजणांचे पाय धुणं म्हणजे धुतलेल्या कपड्याला पुन्हा इस्त्री करण्यासारखं काम. पाण्याचे दोन थेंब, रुमालाचा एक फटका, फोटो, पुढचा. ठेकेदारांना तर गुदगुल्या झाल्या. मुकादम गुडघ्यांवर सरकत सरकत बाराव्या खुर्चीशी आले. मावशींनी बूट काढले, मोजे काढले. मग पायांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या.

पाय पांढरेफटक झाले होते, फुगलेले. टाचा फाटून रक्त सुकलेलं. बोटांच्या बेचक्यांत कातडी उरलीच नव्हती, लाल मांस दिसत होतं. आणि वास येत होता. मुकादमांना वाटलं होतं, घाणीचा येईल. पण तो वास त्यांच्या चांगला ओळखीचा होता. सोडा, ओली चादर, इस्पितळाचं औषध. हा त्यांच्याच फरशीचा वास होता. जिच्या कडेकडेने ते रोज कोरड्या बुटांनी फेऱ्या मारायचे, ती फरशी आता त्यांच्या हातात होती.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा इकडे बघा." मुकादमांनी बघितलं नाही. त्यांनी तांब्या उचलला.

"बोटांच्या मध्ये घासू नका," मावशी हळूच म्हणाल्या. "नुसतं पाणी सोडा."

"बरं."

"आणि खाली सांडू नका हो. ओल्यात उभं राहायचा आता कंटाळा आलाय."

मुकादमांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा ते दुसऱ्याने सांगितलेलं काम सांगितल्याबरहुकूम करत होते. पाय पुसायला त्यांना इतका वेळ लागला की मागच्या बाकांवर खाकरणं सुरू झालं. कडक इस्त्रीचा रुमाल टोचेल म्हणून त्यांनी तो आधी मुठीत चुरगाळून मऊ केला. चेहऱ्यावरून काय वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मग बिशपसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि अध्यक्ष म्हणून नाव जाहीर केलं. भाषण खिशात तयार होतं. 'मी आपला नम्र सेवक' हे त्यात बऱ्याच वेळा आलं होतं. मुकादमांनी ते बाहेरच काढलं नाही.

"या मावशींचे पाय मी केलेत असे," ते म्हणाले. "त्यांनी उभं राहायला फळी मागितली. मी शिट्टी वाजवली."

मग ठेकेदारांनी टाळी वाजवली. मागोमाग सगळ्यांनी. "काय ही नम्रता!" मुख्याध्यापक शेजाऱ्याला म्हणाले, "इतरांची पापंसुद्धा हा माणूस अंगावर घेतो!" डॉक्टरांच्या सासऱ्यांनी डोळे टिपले. मुकादम हात हलवून "अहो, तसं नाही" म्हणत राहिले, आणि ते जितकं म्हणत तितक्या टाळ्या वाढत गेल्या. लोकांना मोठा माणूस हवा असला की तो लहान आहे हे पटवून देणं फार कठीण असतं. न वाजवणारे तिघेच होते: बिशपसाहेब, मावशी आणि मुकादमांची बायको.

घरी जाताना मुकादम म्हणाले, "कुणाला कळलंच नाही गं."

"टाळ्या वाजवणाऱ्यांचं सोडा," बायको म्हणाली. "टाळ्यांनी मावशींचे पाय बरे होणार आहेत का?"

गुड फ्रायडेच्या सुट्टीनंतर लाँड्रीत मुकादम मळक्या चादरींच्या टेबलाशी गेले, मावशींना बाकावर बसवलं आणि स्वतः चादरी निवडायला लागले. बायकांना वाटलं, वरून तपासणी आलीय. थोड्याच वेळात बुटात पाणी गेलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पावलं आगीसारखी पेटली. मुकादम एका हाताने टेबल धरून उभे होते आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घालत होते. प्रभूच्या नावाने सुरू झालेला माणूस शिव्यांवर आला, पण प्रामाणिकपणे आला. सुट्टीत ते लंगडत सुताराकडे गेले.

माणूस एका परातभर पाण्यात संत होत नाही. फळ्या आल्या तेव्हा त्या कशा मांडायच्या यावरून मुकादमांनी सगळ्यांना पुरतं हैराण केलं, शिट्टीही वाजवली. पण फळ्या त्यांनी स्वतः वाकून घातल्या, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मावशी एका फळीवर चढल्या. पाय हलवून बघितला. मग त्यांनी रांगेतल्या बाकी फळ्यांकडे बघितलं.

"एवढ्या कशाला, साहेब? मी तर एकच मागितली होती."

"एकीला दिली की सगळ्यांना द्यावी लागते," मुकादम म्हणाले.

"हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात."

"हो," मुकादम म्हणाले, आणि खिळा सैल राहिला होता म्हणून पुन्हा गुडघ्यांवर बसले.