करमाळ्याचं टपाल

नवी पेठेतल्या एका बोळात महानंदाकाकूंचं फॉल-पिकोचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक स्टूल आणि साड्यांच्या पिशव्यांनी भरलेलं कपाट. पोस्टमनची मोटरसायकल बोळात वळली की काकूंचा पाय मशीनवरून आपोआप उचलला जायचा. करमाळ्याचं पत्र असेल तर समोर कोण उभं आहे, कुणाच्या मुलीचं लग्न उद्यावर आलंय, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. "गिऱ्हाईक थांबतंय की. करमाळा कसं थांबंल?" असं म्हणून त्या पत्र फोडत आणि तिथंच मोठ्यानं वाचायला लागत.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचे. विमा कंपनीतून दमून परत आले की आधी दुकानात डोकावायचे, कारण पत्र आलं असेल तर ते ऐकल्याशिवाय मला वर जाववत नसे.

पत्रं यायची सुलोचनाबाईंची. दोघी बार्शीला एका बाकावर शिकल्या. लग्नं होऊन एक सोलापूरला आली, एक करमाळ्याला गेली. तेव्हापासून दोघींचा एक नियम होता. पत्रात एक घडलेली गोष्ट लिहायची आणि ऐन रंगात आली की तोडायची. दुसरीनं शेवट काय झाला असेल ते ओळखून उत्तर पाठवायचं, मगच खरा शेवट कळायचा.

एकदा सुलोचनाबाईंनी लिहिलं, "जत्रेत शेजारचे भाऊजी आकाशपाळण्यात पार वर अडकले. पाळणा बंद. खालनं वहिनी जिवाच्या आकांतानं ओरडल्या..." आणि खाली सही! काकूंनी कपाळावर हात मारला. "अय्यो! काय बाई ही!" मग काय, फॉल लावायला येणारी प्रत्येक बाई तर्क लढवू लागली. कुणी म्हणे वहिनींनी नवस बोलला, कुणी म्हणे चक्कर येऊन पडल्या. साडी तयार नाही हे ठाऊक असूनही बायका चौकशीला यायच्या. मी म्हटलं, "काकू, एक फोन करा ना! माझा जीव टांगणीला लागलाय."

"फोनवर ती सांगंल, मी ऐकंन, झालं! पत्रात ती मला आठ-आठ दिस छळती, त्यात लई मजा हाय. तुला न्हाय कळायचं."

पण मला कळत होतं. उत्तर आलं तेव्हा दुकानात उभं राहायला जागा नव्हती. वहिनी ओरडल्या होत्या, "अवो, घराची किल्ली तेवढी खाली टाका, मी होते पुढं!" काकू इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आणि मग एका उन्हाळ्यात पत्र आलं नाही, फोन आला. सुलोचनाबाईंच्या अंगावरून वारं गेलं होतं. आम्ही दोघी पहिल्या एसटीनं करमाळ्याला गेलो. जीभ शाबूत होती, उजवा हात मात्र उशीवर नुसता ठेवलेला होता. काकूंनी तो हात मांडीवर घेतला.

"महानंदे," सुलोचनाबाई म्हणाल्या, "आता तू बी लिवू नगंस. तुजं पत्र यायचं आन् माज्यानं उत्तर न्हाय व्हायचं. जीव तुटंल माजा."

"सुनंला सांग की, ती लिवंल."

"न्हाय. तुला आन् मला काय तिसरीच्या हातनं बोलायचं व्हय?"

परतीच्या वाटेवर काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यानंतर मोटरसायकलचा आवाज आला की त्या उलट मशीन आणखी जोरात चालवायच्या. दुकानात बायका येत, साडी ठेवत आणि जात. फोनवर दोघी बोलायच्या, औषधं, जेवण, झोप, बस्स. इतकी वर्षं टिकलेला एक आनंद असा संपणार, या विचारानं मलाच रडू यायचं.

दिवाळी होऊन गेली. एके शनिवारी मी दुकानात बसले होते, तर पोस्टमन मोटरसायकल उभी करून आत आला. "नाव काय लागंना बगा काकू. करमाळ्याचा शिक्का दिसला म्हणून आणलं."

पाकिटावरची अक्षरं ही एवढाली, एक आभाळाकडे तर दुसरं पाताळाकडे चाललेलं. काकूंनी पत्र उघडलं. "महानंदे, डाव्या हातानं लिवलंय. हसू नगं." एवढंच होतं. एवढ्यानंच सगळं पान भरलं होतं.

काकू हसल्या नाहीत. त्या अनवाणी बोळात धावल्या आणि समोरच्या बांगडीवालीला, रिक्षावाल्याला, दिसेल त्याला पत्र दाखवत सुटल्या. "बगा! माझ्या सुलीनं लिवलंय! बगा की!" त्यांच्यामागून मीही टाळ्या वाजवत निघाले होते, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

आत येऊन त्यांनी मशीनवरची साडी बाजूला सारली, कागद पसरला आणि पेन डाव्या हातात धरलं. पहिलंच अक्षर ओळ सोडून खाली घसरलं.

"काकू, अहो, तुमचा उजवा चांगला आहे की!"

"तिचं असं येडंवाकडं आन् माझं मोत्यासारखं गेलं, तर पुन्यांदा हातात पेन धरंल व्हय ती?" वर न बघताच त्या म्हणाल्या. "आमी पहिलीत बी संगंच गिरवलंय. आता परत संगंच गिरवू."